दोनाच्या आदी धा

चवथीला भाचा पुण्याहून आला, तेव्हा मी त्याच्याकडे एक किरकोळ काम सोपवलं. घरातले सातबारे, फेरफार आणि थोडे फाळणीबारे मी वर्षभर एकेक करून स्कॅन केले होते. जमीन मालवण तालुक्यातली, आणि कोकणातल्या कुठल्याही घरात असते तशीच: क्षेत्र ओंजळभर, कागद पोतंभर. या सगळ्याची एकच पीडीएफ करून छापून दे, काकांना चाळायला बरं पडेल, एवढंच माझं म्हणणं होतं. भाच्याने लॅपटॉप उघडला, काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली आणि चहा निवायच्या आत काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी काका पडवीत गठ्ठा घेऊन बसले. बारा-एक, बारा-दहा, बारा-अकरा, बारा-दोन. त्यांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, परत लावला.

"दोनाच्या आदी धा कसो इलो रे?"

भाच्याकडे उत्तर तयार होतं. "आजोबा, कॉम्प्युटर तसंच लावतो. फायलींना नावं देतानाच पुढे शून्यं लावायला हवी होती. शून्य-शून्य-एक, शून्य-शून्य-दोन. मामाने ती शिस्त पाळली नाही."

म्हणजे चूक माझी. भाचा गुणी आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. आणि ते वाक्य त्याचं एकट्याचं नाहीही. कुठल्याही कार्यालयात, संगणकाच्या कुठल्याही शिकवणीत, फोटो काढणाऱ्यांच्या कुठल्याही गप्पांत ते ऐकू येतं, आणि ते म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर दरवेळी वडीलधारेपणाचा तोच भाव असतो. या मताच्या मंडळींना मी सोयीसाठी शून्यवादी म्हणतो. नागार्जुनाने क्षमा करावी.

शून्यवाद्यांच्या म्हणण्यात दोन दावे आहेत. एक, संगणक असाच क्रम लावतो. दोन, म्हणून नावांनी बदलायला हवं. पहिला दावा खोटा आहे. दुसरा निव्वळ खोटा असता तर लेख लिहायची गरज पडली नसती. तो उद्धट आहे.

पहिला लवकर निकाली निघतो. भाच्याने काम केलं त्याच लॅपटॉपवर फोल्डरची खिडकी उघडून मी त्याला दाखवली. तिथे त्याच फायली बारा-एक, बारा-दोन, बारा-तीन अशा शहाण्यासारख्या रांगेत उभ्या होत्या. विंडोजच्या फोल्डरखिडकीत ही समज २००१ सालच्या एक्सपीपासून आहे. मॅकवर आहे, लिनक्सच्या खिडक्यांतही आहे. गडबड काळ्या खिडकीत झाली. तिथे त्याने "इथल्या सगळ्या पीडीएफ जोड" हे सांगायला नावांच्या जागी तारांकन टाकलं, आणि त्या तारांकनाचा विस्तार करताना यंत्रणेने नावं अक्षरावारी लावली. यंत्र एक, फायली त्याच, आणि क्रम दोन. मग "कॉम्प्युटर तसंच लावतो" यातला कॉम्प्युटर कुठला? भाचा म्हणाला, "ते दिसायला तसं असतं, मामा." दिसतं ते बरोबर आणि छापलं जातं ते चूक, आणि दोष मात्र नाव ठेवणाऱ्याचा!

अक्षरावारी म्हणजे काय ते एकदा बघून घेऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. शब्दकोशात आपण शब्द शोधतो तसं यंत्र दोन नावं शेजारी ठेवून डावीकडून एकेक खूण जुळवत जातं, आणि पहिला फरक सापडला की थांबतं. बारा-दहा आणि बारा-दोन घ्या. एक जुळला, दोन जुळला, आडवी रेघ जुळली. पुढे एकीकडे दहातला एक, दुसरीकडे दोन. एक लहान, म्हणून दहा आधी. एकापुढे शून्य आहे की नऊ, हे बघायला ते थांबतच नाही. युनिक्सवरचा क्रम लावणारा आदेश, सॉर्ट, १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि आजही काही न सांगता चालवला तर हेच करतो. त्याला मोजता येतं. आपण त्याला वाचायला लावलंय.

याच रीतीने गाव नमुने लावून बघा. महसुली दप्तरात ते एक ते एकवीस. अक्षरावारीत पहिल्या नमुन्यानंतर दहावा येतो, मग अकरावा, बारावा, असं करत एकोणीस, आणि त्यानंतर दोन. म्हणजे पिकांचा बारावा नमुना आधी आणि मालकीचा सातवा कितीतरी मागे. अख्खा महाराष्ट्र ज्याला सातबारा म्हणतो त्याचा या यंत्राच्या लेखी बारासात होतो. शून्यवाद्यांच्या हाती दिला तर शून्यसातबारा होईल.

आता दुसरा दावा. त्यांची बाजू मी होता होईल तेवढी भक्कम मांडतो, म्हणजे नंतर कुरकुर नको. पुढे शून्यं लावलेलं नाव सगळीकडे चालतं. जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावा, गाडीतल्या टेपला लावा, कुठल्याही दुकानातल्या संगणकावर न्या. समोरच्या यंत्राला अक्कल असो वा नसो, क्रम बरोबरच येतो. काम एकदाच करायचं आणि विसरून जायचं. शिवाय दाखले रस्त्यावर आहेत. आपल्याच जिल्ह्याच्या गाड्या बघा, एमएच-०७. सरकारनेसुद्धा शून्य लावलं!

आमच्या घरात ज्ञानेश्वरीचे अध्याय ऐकायचे पेनड्राइव्हवर आहेत. पूर्वी पहिल्यानंतर थेट दहावा लागायचा, आणि अठरावा दुसऱ्याच्या आधी; सांख्ययोग कानी पडायच्या आधीच मोक्षसंन्यास. त्या फायलींना मी स्वतः शून्यं लावली आहेत आणि मला त्याची लाज वाटत नाही. अध्याय अठरा आहेत. एकोणिसावा कोणी लिहिणार नाही. दोन घरं पुरतात, आणि कायमची पुरतात.

सातबाऱ्यावरच्या क्षेत्राचंही तसंच. हेक्टर, आर, चौरस मीटर असे तीन आकडे मध्ये टिंबं देऊन लिहितात: ०.०५.२०. शंभर चौरस मीटरांचा आर, शंभर आरांचा हेक्टर. म्हणजे मधल्या घरात नव्याण्णवच्या वर काही जाऊच शकत नाही. तिथलं शून्य त्या मापाच्या घडणीतूनच आलंय, कोणी शिस्त म्हणून चिकटवलेलं नाही. आणि एमएच-०७ मधलं शून्य परिवहन खात्याचं स्वतःचं. जिल्ह्याचा क्रमांक तेच देतात, त्यापुढची अक्षरं तेच ठरवतात, आणि गाडीचा नंबर ९९९९ वर पोचला की अक्षर बदलून नवी मालिका तेच सुरू करतात. छताला डोकं लागलं तर छत उचलायचा अधिकार त्यांच्याकडे आहे.

हिश्श्यांना छत कुठे आहे?

घाटावरच्या वाचकाला हे कदाचित लगेच उमगणार नाही. तिथे बऱ्याच गावांत एकत्रीकरण झालं आणि गट नंबर आले. एक गट, एक आकडा. आमच्याकडे अजून बहुतेक ठिकाणी सर्व्हे नंबर आणि त्याखाली हिस्सा नंबर चालतो. आजोबांच्या वेळी सर्व्हे नंबर बाराचे तीन हिस्से असतील, वडिलांच्या वेळी त्यांचे अकरा झाले. मग पहिल्या हिश्श्याची वाटणी झाली, मोजणी झाली, फाळणीबारा निघाला, आणि हिस्सा एकचे एक-अ, एक-ब झाले. त्यातल्या अ ची पुन्हा पोटफोड होऊन १२/१अ/१ आणि १२/१अ/२ निघाले. सातबाऱ्यावर त्या रकान्याचं नावच "भूमापन क्रमांक व उपविभाग" असं आहे, आणि तो उपविभाग पुढच्या पिढीत कुठवर जाईल हे तलाठ्यालाही सांगता येणार नाही, वकिलालाही नाही. मग शून्यं लावायची किती? दोन घरं धरली आणि शंभरावा हिस्सा निघाला, तर आधीची सगळी नावं पुन्हा बदला. चार घरं धरली तर तीन हिश्श्यांच्या जमिनीला ०००१, ०००२, ०००३. भातशेतीच्या चार कोपऱ्यांना विजेच्या मीटरचा आकडा.

ज्यांना चार घरं म्हणजे सुरक्षित वाटतं त्यांनी आपल्या कॅमेऱ्याकडे बघावं. डिजिटल कॅमेऱ्यांच्या फायलींची नावं ज्या मानकाने ठरतात त्यात चार अक्षरं आणि चार आकडे, ०००१ ते ९९९९. दहा हजारावा फोटो काढला की गणती पुन्हा ०००१ वर. लग्नं करणाऱ्या कुठल्याही फोटोवाल्याला विचारा. एकाच समारंभात हळदीचे फोटो ९९८० च्या आसपास आणि अक्षता ००१५ वर, मग अल्बममध्ये आधी अक्षता पडतात आणि नंतर हळद लागते. शून्यं सगळी जागच्या जागी असतात. क्रम तेवढा नसतो.

पण छताचा मुद्दा तसा हिशेबाचा झाला. माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. १२/१अ हे नाव माझं नाही. ते मी ठेवलेलं नाही, मला ते बदलता येत नाही. ते मोजणीत ठरलं, आकारफोडीत आलं, फेरफाराने सातबाऱ्यावर चढलं. शोधायचं तर त्याच नावाने, दस्तात लिहायचं तर त्याच नावाने, आणि तंटा झाला तर दाव्यात मांडायचं तेही त्याच नावाने. फायलीच्या नावात तिरकी रेघ चालत नाही म्हणून मी तिथे आडवी केली, तेवढी तडजोड पुरे झाली. त्यावर ०१२-००१अ केलं की ते कुठल्याच दप्तरात नसलेलं, फक्त माझ्या लॅपटॉपवर राहणारं तिसरंच नाव होतं. भाच्याने हौसेने दहाएक फायलींची नावं बदलून दाखवली, तर काकांनी कागद आणि पडदा शेजारी धरून विचारलं, "ह्या शून्य खंयचा? आमच्या सातबाऱ्यार ह्या खंय आसा?" त्यांचा प्रश्न कायद्याचा होता, आणि बिनतोड.

दप्तरात जे आहे ते आहे तसं उतरवायचं, हा नकलेचा पहिला धर्म. क्रम हवा असेल तर क्रम लावणाऱ्याला सांगा. नावाला का हात लावता?

आणि सांगता येतं, अगदी सोपं आहे. सॉर्ट या आदेशापुढे वजा व्ही लिहायचं, व्ही मोठ्या लिपीतला. लिनक्सवरच्या सॉर्टला ही सोय २००८ साली मिळाली. ती आली प्रोग्रामांच्या आवृत्त्यांसाठी, कारण आवृत्ती ९ नंतर १० येते हे त्या लोकांनाही रोज डोळ्यांसमोर चुकताना दिसत होतं. तिची रीत अशी: नाव वाचताना अंकांचा पुंजका लागला की तो सबंध उचलायचा, संख्या म्हणून तोलायचा आणि मग पुढे जायचं. फायलींची यादी देणाऱ्या एलएस या आदेशालाही हेच कळतं, फक्त तिथे व्ही लहान लिपीतला. हे असं का, ते विचारू नका. ज्यांनी केलं त्यांच्यातही एकमत नसावं.

माझ्या फायलींतल्या सहाच घेऊ. साध्या सॉर्टने त्या अशा लागतात: १२-१, १२-१०, १२-११, १२-१अ, १२-२, १२-३. पहिल्या हिश्श्याचा पोटहिस्सा बापाला सोडून दहाव्या-अकराव्याच्या मागे जाऊन बसलाय. वजा व्ही लावल्यावर: १२-१, १२-१अ, १२-२, १२-३, १२-१०, १२-११. एकाही नावाला हात न लावता.

इथे अर्धवट जाणकार मध्येच सुचवतात की वजा एन लावा, एन म्हणजे संख्येने. भाच्यानेही आधी तेच केलं आणि क्रम जसाच्या तसा चुकलेला पाहून मला विजयी मुद्रेने दाखवला. वजा एन नावाच्या सुरुवातीची एकच संख्या वाचतो. सहाही नावांच्या सुरुवातीला बारा. सगळे सारखे ठरले, मग बरोबरी मोडायला तो पुन्हा अक्षरांवरच आला. त्याला कामाला लावायचं तर आडव्या रेघेवर तुकडे कर, पहिल्या तुकड्याची संख्या बघ, मग दुसऱ्याची, असं घरवार सांगावं लागतं. सांगितलं तर तोही चोख करतो. आणि फायलीचं नाव "गट" किंवा "सर्व्हे" अशा अक्षरांनी सुरू होत असेल, तर सुरुवातीला संख्याच नाही म्हणून सगळ्यांना शून्य समजतो. शून्यवादी तोही, आपल्या परीने.

काळी खिडकी हा विक्षिप्तांचा छंद आहे, यादी एक्सेलमध्ये घाला आणि एक बटण दाबा, असं म्हणणाराही एक पक्ष आहे. यांनी सर्व्हे नंबर बारा, हिस्सा एक, म्हणजे तिरकी रेघ देऊन १२/१, एक्सेलच्या चौकटीत एकदा लिहून बघावं. ती १२ जानेवारी होते. घाबरून तुम्ही ती चौकट साध्या आकड्याची केली की तिथे पाच अंकी संख्या येते. २०२४ सालची १२ जानेवारी असेल तर ४५३०३. सिंधुदुर्गातल्या आठही तालुक्यांत सर्व्हे नंबर पंचेचाळीस हजार तीनशे तीन शोधत फिरा. चौकट आधीच मजकुराची ठरवून ठेवली तर हे टळतं, हे खरं. पण हे आधी माहीत असणाऱ्याचा १२/१ कधी जानेवारीत गेलेलाच नसतो.

आणि हे दुखणं एकट्या कोकणाचं नाही. मार्च-एक आणि सेप्ट-एक अशा नावांची मानवी जनुकं होती. एक्सेल त्यांच्याही तारखा करत होतं आणि संशोधकांच्या यादीतून जनुकं गळून पडत होती. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावंच बदलून टाकली. शून्यवादी हा दाखला माझ्या तोंडावर फेकतील हे मला ठाऊक आहे: बघा, शास्त्रज्ञांनीसुद्धा यंत्रापुढे मान तुकवली! तुकवली, पण नाव ठेवण्याचा अधिकार असलेल्या समितीने तुकवली, सगळ्या जगाला कळवून. माझ्या लॅपटॉपवर बसून माझा मी सातबाऱ्याचं बारसं करणं म्हणजे ते नव्हे. आणि पुढे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तारखा करण्याची ती खोड बंद करायची सोय एक्सेलमध्ये दिलीच. म्हणजे यंत्राच्या बाजूने करण्यासारखं काही होतं. ते नावं बदलून झाल्यावर आलं.

इथवर मी वजा व्हीचा वकील. आता उलटतपासणी, कारण माझ्या बाजूचे लोकही इथे थांबतात आणि ते मला मान्य नाही. हा "नैसर्गिक क्रम" ज्यांनी घडवला त्यांचा निसर्ग इंग्रजी आहे.

माझ्या फायलींची नावं मी इंग्रजी अंकांत लिहितो, म्हणून वरची जादू झाली. ती देवनागरी अंकांत असती तर वजा व्हीला तिथे एकही अंक दिसला नसता. त्याच्या लेखी अंक म्हणजे इंग्रजी शून्य ते नऊ; आपला १ त्याला क किंवा म सारखंच एक परकं चिन्ह. या लेखातले आकडे देवनागरीत छापलेत. म्हणजे या लेखातला एकही आकडा त्या आदेशाला आकडा वाटणार नाही, आणि आपला १० पुन्हा २ च्या आधी येऊन बसेल. वजा एनचीही तीच गत.

याहून मजेची गोष्ट अक्षरांची. हिश्श्यांची अक्षरं आपण अ, ब, क, ड, इ, फ अशी लावतो. ही काही मराठी वर्णमाला नव्हे. इंग्रजीच्या ए-बी-सी-डीला कुणा साहेबाच्या हाताखालच्या कारकुनाने मराठी टोपी घातली, ती आजवर तशीच आहे. शाळेत तुकडी पाचवी ब, गाव नमुना आठ-अ, सहा-क, सगळं तसंच. यंत्र मात्र युनिकोडच्या तक्त्यातल्या जागा बघतं, आणि तो तक्ता वर्णमालेच्या जवळचा. त्यामुळे वजा व्हीसुद्धा १२-१अ नंतर १२-१क लावतो, मग ड, आणि ब सगळ्यांच्या शेवटी. यंत्राने इथे मराठी पाळली आणि मराठी माणसाने इंग्रजी! काका म्हणणार, ब खंय गेलो. त्यांना पाणिनी सांगून उपयोग नाही. त्यांच्या वाटणीपत्रात अ नंतर ब आहे.

त्या तक्त्यानेही मराठी पुरती पाळलेली नाही, हे जाता जाता. त्यात ळ चं घर ल आणि व च्या मध्ये आहे. आपण ळ ह नंतर म्हणतो, आणि शासनाने २००९ साली वर्णमाला ठरवून दिली तिथेही तो ह नंतरच आहे. ते भांडण वेगळं, दुसऱ्या दिवशी.

तर करायचं काय? शून्यवादी लगेच म्हणतील, बघा, तुमचं हत्यारही बोथट निघालं. बोथट आहे तिथे धार लावायची. मी दोन रकाने केले. डावीकडे नावाची एक नक्कल, फक्त तोलायला; उजवीकडे मूळ नाव, जसंच्या तसं. डावीकडच्या नकलेवरून सेड नावाचा आदेश फिरवला. त्याला दोन ओळी शेजारी दिल्या: वरची आपली, दहा देवनागरी अंक आणि पुढे अबकडइफ, खालची त्यांची, दहा इंग्रजी अंक आणि ए ते एफ. वरचं जे सापडेल त्याच्या जागी खालचं ठेव. एकूण सोळा खुणा. मग सॉर्टला वजा व्ही, पण फक्त डावा रकाना बघून, असं बजावून. हे बजावलं नाही तर तो पूर्ण ओळ वाचतो आणि १अ ला १ च्या आधी बसवतो. त्यात माझी अर्धी संध्याकाळ गेली. शेवटी डावा रकाना कापून फेकून द्यायचा. उरतात ती मूळ नावं, योग्य क्रमाने, एकही अक्षर न हललेली. हे सगळं एका ओळीत मावतं. (टीआर नावाच्या आदेशाने हेच करायला जाऊ नका. लिनक्सवर तो एकेक बाइट धरून चालतो आणि देवनागरीचा प्रत्येक अंक तीन बाइटांचा. सगळा चिवडा होतो.)

आणि एवढंही ज्याला नको, त्याच्यासाठी युनिकोडच्या क्रमवारीच्या नियमांत अंकांना संख्या म्हणून तोलण्याची कळ आहे. ती देवनागरी अंकही ओळखते, आणि बहुतेक प्रोग्रामिंग भाषांतून ती वापरता येते. अबकडचं मात्र तिलाही ठाऊक नाही. ते आपलं आपणच सांगायला हवं, कारण तो गोंधळ आपलाच आहे.

शून्यवाद्याला मी जे विचारतो ते हे. तुझ्या शून्यांनी अ नंतर ब आला का? आला नाही. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक मिसळलेल्या फायली एका रांगेत आल्या का? त्याही नाहीत. म्हणजे नाव विद्रूप करूनही क्रम अर्धाच. उलट तू एक क्रम नावातच खिळे ठोकून बसवलास. उद्या मला तेच कागद क्षेत्राप्रमाणे हवेत, किंवा फेरफाराच्या तारखेप्रमाणे हवेत, तेव्हा ती शून्यं माझ्या कुठल्या कामाची?

नव्या क्रमाने छापलेला गठ्ठा काकांच्या हातात दिला. त्यांनी बोट लावत पानं उलटली. एक, एक-अ, एक-ब, दोन, तीन. सहानंतर बोट थांबलं. आठ. सात नव्हताच. तो स्कॅन करायचा राहून गेला होता. आधीच्या गठ्ठ्यातही तो नव्हता, पण तिथे सहानंतर काय यायला हवं हे कुणाच्या ध्यानात येणार होतं? शून्यं लावली असती तरी ही फट दिसली असती, हे मी भाच्यासमोर कबूल केलं. तो खूश झाला.

काका अजून खूश नव्हते. "ह्या ठीक आसा," ते म्हणाले, "पन माका असो नको." त्यांना जमीन ज्या वाटेने चढत जाते तसे कागद हवे होते. आधी खळं, मग खळ्यामागचा मळा, व्हाळ ओलांडला की माडांचं भाट, मग वर भरड आणि शेवटी काजीची वरकस. त्या वाटेने गेलं तर आधी १२/३ लागतो, मग १२/१०, मग सर्व्हे नंबर चौदाचा एक तुकडा, आणि मग परत बारावर यायचं. "ता लावूक सांग बघूया तुझ्या मशिनीक."

भाचा माझ्याकडे बघत हसला. मी काकांना वही आणि पेन दिलं. त्यांनी ओटीवर बसून, डोळे अर्धे मिटून, मनातल्या मनात खळ्यापासून वर चढत हिश्श्यांचे नंबर एकाखाली एक लिहून काढले. भरडीपाशी एकदा अडखळले, मागे फिरले, एक नंबर खोडून वर घेतला. ती यादी मी टंकली. आता तिसरा रकाना झालाय. फायलींची नावं तीच आहेत.